जंगलातून आलात, अंग खाजतंय: नक्की काय चावलं?

ताम्हिणी, अंधारबन, राजगड, भीमाशंकर, नाहीतर पुण्यातली घरामागची तळजाई किंवा वेताळ टेकडी. दिवसभर हिंडून माणूस घरी येतो, अंघोळ करतो, गाढ झोपतो. अंगावर काहीही नसतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या कंबरेच्या पट्ट्याखाली खाज सुटते आणि संध्याकाळपर्यंत तिथे लाल पुटकुळ्यांची रांग उठलेली असते. मग फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो. "डास असतील." "छे, ढेकूण आहेत." "अरे, नागीण तर नाही ना?" "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव." जितके जण, तितकी मतं.

फोटोवरून किडा ओळखता येत नाही. त्वचारोगाचे डॉक्टरसुद्धा नुसती पुटकुळी बघून छातीठोकपणे नाव सांगत नाहीत, कारण ती पुटकुळी आपल्याच शरीराने उठवलेली असते. डास, पिसू, गोचीड, चिगर (गवतातल्या एका किड्याचं डोळ्यांना जवळजवळ न दिसणारं पिल्लू) हे सगळे चावताना कातडीत थोडी लाळ सोडतात. रक्त गोठू न देणारी, जागा बधिर करणारी, पेशी विरघळवणारी अशी नाना तऱ्हेची प्रथिनं त्या लाळेत असतात. शरीराला ती परकी वाटतात. मग कातडीतल्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे खाज आणणारं द्रव्य सोडतात, बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी झिरपून गांध उठते आणि तिथले मज्जातंतू मेंदूला खाज कळवतात. किडा कुठलाही असो, शरीराची पद्धत साधारण हीच. म्हणून सगळे चावे एकमेकांसारखे दिसतात.

ओळख पटते ती आजूबाजूच्या गोष्टींवरून. खाज किती तासांनी सुटली? पुटकुळ्या कपड्याखाली आहेत की उघड्या अंगावर? रांगेत आहेत, पुंजक्यात आहेत की विखुरलेल्या? तुम्ही गवतात बसलात, गोठ्याशेजारी झोपलात की ओढ्याच्या काठाने चाललात? आणि महिना कोणता होता? एवढं नीट आठवलं तर बहुतेक वेळा उत्तराच्या बरंच जवळ जाता येतं.

"पण बाकी कुणाला काहीच झालं नाही" हे वाक्य मात्र पुरावा म्हणून धरू नका. केनेथ मेलनबी या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये डासांच्या चाव्यांबद्दल एक क्रम मांडला. अगदी पहिल्या चाव्यांना शरीर काहीच दाद देत नाही. काही चावे झाले की खाज सुटते, पण दुसऱ्या दिवशी. पुढे लगेचची आणि दुसऱ्या दिवशीची अशी दोन्ही येते. त्यानंतर फक्त लगेचची उरते, आणि पुष्कळ चावे खाल्लेल्या माणसाला शेवटी काहीच होत नाही. म्हणजे एकाच झाडाखाली बसलेल्या चौघांना सारखेच चावे झाले, तरी एकाचे पाय सुजतील, दुसऱ्याला पुढच्या दिवशी खाज येईल आणि वाट दाखवायला आलेल्या गावातल्या दादांना पत्ताही लागणार नाही. दादांनाही चावलेलं असतं. फक्त त्यांच्या अंगाने त्याची दखल घेणं सोडून दिलेलं असतं.

मोज्याच्या इलॅस्टिकपाशी थांबणारा

पावसाळा संपत आला, डोंगरावर ढोपरभर गवत उभं आहे, ढोरवाटेने चालताना ते पायाला घासतंय, आणि दुसऱ्या दिवशी घोट्याभोवती, गुडघ्याच्या मागे, कंबरेला किंवा जांघेत पुटकुळ्या. अशा वेळी माझा पहिला संशय चिगरवर असतो.

मृग नक्षत्राच्या पावसात जमिनीवर मखमली लाल किडे फिरताना दिसतात, ज्यांना आपण मृगाचे किडे म्हणतो. चिगर त्यांच्याच नात्यातल्या माइट या कोळ्यासारख्या बारीक प्राण्यांची पिल्लं. मृगाचा किडा आपल्याला काहीही करत नाही. चिगरही मोठा झाला की मातीत राहून बारीक किडे आणि त्यांची अंडी खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. चावतं ते फक्त अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं, सहा पायांचं, नारिंगी-लाल पिल्लू. त्याची लांबी मिलिमीटरच्या पाव भागाइतकी, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही म्हटलं तरी चालेल. गवताच्या पात्यावर चढून ते वाट बघत बसतं. उंदीर, पक्षी, ससा किंवा आपली ट्रॅकपँट घासून गेली की पकडतं आणि वर चालू लागतं.

वर चालताना ते कुठे अडतं, यावर पुटकुळी कुठे उठणार हे ठरतं. मोज्याचं इलॅस्टिक, अंतर्वस्त्राची कड, पँटचा पट्टा, स्त्रियांच्या बाबतीत ब्राची खालची पट्टी. कपडा अंगाला घट्ट बसतो तिथे पिल्लू थांबतं. नाहीतर गुडघ्याची मागची बाजू किंवा काख अशी पातळ, दमट कातडी शोधतं. म्हणून चिगरचे चावे कपड्याच्या कडेने ओळीत उठतात. कपडे उतरवून आरशात बघितलं तर मोज्याची किंवा पट्ट्याची रेघ पुटकुळ्यांनी आखलेली दिसते. डास असं करत नाही, तो उघड्या अंगावर बसतो. चिगर ओळखायची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

चिगर कातडीत शिरतो आणि आत राहतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. तो वरच बसतो, कातडीला बारीक छेद घेतो आणि पेशी विरघळवणारी लाळ सोडतो. त्या लाळेभोवतीची कातडी कडक होऊन एक सूक्ष्म नळी तयार होते. तिच्यातून विरघळलेल्या पेशींचा रस तो शोषतो. रक्त पीत नाही. उंदरावर तो असा तीन-चार दिवस निवांत बसून राहतो. माणसावर खाजवण्यात किंवा अंघोळीतच निघून जातो, आणि ती नळी तेवढी आत उरते. चावल्यानंतर साधारण ३ ते ६ तासांनी खाज सुरू होते, एक-दोन दिवसांत कळस गाठते, आणि पुटकुळ्या जायला एक-दोन आठवडे लागतात. खाज सुटेपर्यंत किडा बहुधा गेलेलाच असतो. त्यामुळे त्याला गुदमरवून मारण्यासाठी पुटकुळीवर नेलपॉलिश लावण्याचा जो उपाय इंटरनेटवर फिरतो, त्याने काही साधत नाही. आल्या आल्या साबण लावून, अंग चोळून केलेली अंघोळ मात्र खरोखर उपयोगी पडते.

न खाजणारा काळा डाग

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. तुम्हाला रात्रभर जागवणारी पुटकुळी बहुतेक वेळा नुसता ताप देऊन निघून जाते. जपायचं असतं ते अशा चाव्यापासून, जो खाजत नाही, दुखत नाही आणि म्हणून कुणी बघतही नाही.

चिगरच्या काही जातींमध्ये ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू असतो. त्याने स्क्रब टायफस होतो. नावात टायफस असलं तरी आपल्या ओळखीच्या टायफॉइडशी याचा संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या तापाने सैनिकांना हैराण केलं होतं. महाराष्ट्रात २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात याचे बरेच रुग्ण सापडले, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत ठळक झालं.

चिगर आयुष्यात एकदाच, पिल्लू असताना, प्राण्याच्या अंगावर जेवतो. मग एकदाच चावणाऱ्या किड्याच्या पोटात जिवाणू येतो कुठून? तो आईकडून येतो. लागण झालेली मादी अंड्यांतून तो पुढच्या पिढीला देते, आणि अशा पिढ्यानपिढ्या तो माइटमध्येच टिकून राहतो. त्यामुळे हा रोग एखाद्या बांधावर, एखाद्या झुडपी पट्ट्यात वर्षानुवर्षं घर करून असतो, आणि शेजारच्या टेकडीवर मात्र नसतो. घनदाट अरण्यापेक्षा रानाची कड, पडीक शेत, झुडपं आणि उंच गवत, म्हणजे जिथे उंदीर भरपूर असतात ती जागा त्याला मानवते.

जिवाणू असलेला चिगर जिथे चावतो तिथे आधी बारीक फोड येतो, मग ती जागा मरून काळी खपली धरते, आणि भोवती लाल कडं. विडीचा चटका बसल्यासारखा हा डाग दिसतो. डॉक्टर त्याला एस्कार म्हणतात. तो काखेत, जांघेत, स्तनाखाली, ढुंगणावर, गुडघ्याच्या मागे, पोटाच्या वळीत असा नेमका न दिसणाऱ्या जागी असतो. सगळ्याच रुग्णांत तो सापडतो असंही नाही. चावल्यानंतर ६ ते २१ दिवसांत, बहुधा दहा-बारा दिवसांनी, थंडी वाजून ताप येतो. डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, प्लेटलेट उतरतात.

आता पुण्याच्या सप्टेंबर-ऑक्टोबरचा विचार करा. ताप, अंगदुखी आणि प्लेटलेट कमी म्हटलं की घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि पुष्कळदा दवाखान्यातल्याही तोंडी एकच नाव असतं: डेंगी. डेंगीची तपासणी करायलाच हवी. पण डेंगी विषाणूमुळे होतो आणि त्यावर थेट मारा करणारं औषध नाही. स्क्रब टायफस जिवाणूमुळे होतो आणि त्यावर डॉक्सीसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध आहे. वेळेत सुरू झालं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरायला लागतो. उशीर झाला तर हाच रोग फुप्फुसं, मूत्रपिंड आणि मेंदूपर्यंत जातो आणि माणूस दगावूही शकतो. म्हणून ताप घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर न विचारता सांगा: "डॉक्टर, पंधरा दिवसांपूर्वी मी मुळशीला डोंगरात गेलो होतो, गवतातून चाललो होतो." या एका वाक्याने तपासण्यांची यादी बदलते. आणि जाण्याआधी घरच्या कुणाला तरी पाठ, काख, मांड्या नीट बघायला सांगा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. डॉक्सीसायक्लिन मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत तर नाहीच. त्यांच्यासाठी कोणतं औषध, हे डॉक्टर ठरवतील.

गोचीड

गुरं, शेळ्या आणि कुत्री जिथे फिरतात तिथे गोचीड असतो, आणि आपल्या गडांच्या वाटांवर हे तिन्ही असतात. मोठा गोचीड ओळखायला कठीण नाही. तपकिरी, चपटा, आठ पायांचा, आणि रक्त प्यायला की टम्म फुगून राखाडी होतो. चावलेलं कळत नाही, कारण त्याच्या लाळेने जागा बधिर होते. तो तासन्‌तास, कधी काही दिवससुद्धा, तिथेच डोकं रुतवून राहतो. "अंगावर तीळ आलाय, काल नव्हता" असं वाटलं तर भिंगाने बघा. त्या तिळाला पाय असतील.

फसवतात ती त्याची पिल्लं. एका मादीची हजारो अंडी एका जागी फुटतात आणि पिल्लं गवताच्या एकाच झुबक्यावर लगडून बसतात. त्या झुबक्याला पाय लागला की एका वेळी डझनांनी अंगावर येतात. मग घोट्यापासून मांडीपर्यंत बारीक, खूप खाजणाऱ्या पुटकुळ्या उठतात आणि सगळ्यांना त्या चिगरच्या वाटतात. फरक असा की गोचिडाचं पिल्लू चिकटून राहिलेलं सापडतं. पुटकुळीच्या मधोमध काळा ठिपका दिसला आणि तो ओल्या कपड्याने पुसून जात नसेल, तर तो गोचीड असू शकतो.

काढण्याची रीत एकच. बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचिडाचं पोट धरू नका, अगदी कातडीला टेकून त्याचं तोंड धरा आणि न पिळता, न झटकता, सरळ वर, सावकाश ओढा. कातडी थोडी तंबूसारखी उचलली जाईल आणि मग तो सुटेल. जागा साबणाने धुवा. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने कोरत बसू नका, कातडी तो काही दिवसांत बाहेर टाकते. रॉकेल, पेटती काडी, उदबत्ती, तेल, चुना यांतलं काही वापरू नका. त्याने तो लगेच सुटत नाही, उलट चवताळून आणखी लाळ सोडतो, आणि वर आपली कातडी भाजते ती वेगळीच. काढलेला गोचीड चिकटपट्टीत चिकटवून त्यावर तारीख लिहून ठेवा. ताप आलाच तर डॉक्टरांना दाखवता येतो. चाव्याच्या जागी एक कडक गाठ राहून काही आठवडे खाजू शकते. तेवढ्याने घाबरू नका.

गोचिडाबद्दल इंटरनेटवर शोधलं की अमेरिका-युरोपातला, गोचिडामुळे होणारा लाइम रोग समोर येतो आणि माणसं अंगावर गोल चट्टा शोधू लागतात. आपल्याकडे गोचीड चावल्यानंतर ताप आला तर आधी विचार होतो तो टिक टायफसचा, म्हणजे गोचिडातून येणाऱ्या जिवाणूच्या तापाचा, ज्यात तळहात-तळपायांवरही पुरळ येऊ शकतं. यालाही वर सांगितलेलं डॉक्सीसायक्लिनच लागू पडतं. अंगावरचा गोल, कडेने पसरणारा, खाजणारा चट्टा आठ-दहा दिवसांनी जांघेत दिसला, तर तो बहुधा ओल्या पँटमध्ये दिवसभर फिरल्यामुळे झालेला नायटा असतो.

गोचिडाचा आणखी एक रोग आहे आणि त्याचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणू लागली. तो विषाणू शोधून काढला तो पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी. १९५२ मध्ये सुरू झालेली हीच संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, म्हणून आपल्याला माहीत आहे. हा माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग भागातही पोचला. सिंहगडावर जाऊन आलेल्याने त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. पण हिवाळा-उन्हाळ्यात दोडामार्ग, तिलारी किंवा पलीकडे गोवा-कर्नाटकाच्या सीमेवरच्या जंगलात जाणार असाल तर तिथल्या आरोग्य केंद्राकडून माहिती घ्या, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा.

जळवा, पिसवा आणि ढेकूण

जळूबद्दल फार शंका नसते. भर पावसात भीमाशंकर किंवा अंधारबनात मोजा काढला की रक्त दिसतं आणि उलगडा होतो. तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही, म्हणून जखम लहान असूनही बराच वेळ वाहते. स्वच्छ कापड दाबून धरा. जळू चिकटलेली असेल तर निमुळत्या टोकाखाली नख सरकवून सोडवा. मीठ-तंबाखूने ती सुटते खरी, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकण्याची शक्यता असते. खाज मात्र नंतर येते आणि चार-पाच दिवस पिच्छा पुरवते. तीन टोकांची बारीक खूण दिसली की ती जळूची.

रात्री मुक्काम केला असेल तर जंगलाला दोष देण्याआधी अंथरुणाचा विचार करा. गडावरच्या कुत्र्यासोबत देवळात किंवा शेळ्यांच्या गोठ्याशेजारी झोपलात आणि घोटा ते गुडघा या भागातच टणक पुटकुळ्या आल्या, तर पिसवा. होमस्टेच्या गादीवर झोपलात आणि हात, मान, चेहरा अशा उघड्या अंगावर तीन-चार चावे ओळीने असतील, तर ढेकूण. ढेकणाच्या चाव्याची खाज कधी कधी काही दिवसांनी येते, त्यामुळे संशय नेमका चुकीच्या रात्रीवर जातो. पिसवा घरच्या कुत्र्या-मांजरांत राहतात, ढेकूण सॅकमधून घरच्या पलंगात येतात. म्हणून सॅक आल्या आल्या गादीवर टाकू नये.

चावलंच नसेल तर?

पुष्कळदा किडा निर्दोष असतो. थंडीत खाजकुयलीच्या शेंगा वाळल्या की त्यांवरची मखमली, सोनेरी-तपकिरी कुसळं वाऱ्यानेसुद्धा उडतात. अंगाला लागली की त्या क्षणी आग आणि खाज. हा तात्काळपणाच तिची ओळख. तिच्या कुसळात म्युक्युनेन नावाचं प्रथिन तोडणारं द्रव्य असतं आणि ते हिस्टामिनला वळसा घालून थेट खाजेच्या मज्जातंतूंना चेतवतं. म्हणून हिस्टामिनला अडवणारी ॲलर्जीची गोळी खाजकुयलीवर फारशी चालत नाही. चोळायचं नाही, चोळल्याने कुसळं आणखी रुततात. चिकटपट्टी हलकेच लावून ओढून काढा, मग भरपूर पाण्याने धुवा, कपडे वेगळे ठेवा.

बिब्ब्याच्या झाडाचा चीक लागला तर तिथे पाण्याचे फोड येतात, जागा काळसर पडते. घरातली मोठी माणसं बघताक्षणी सांगतात, "बिबा उतलाय." त्यांचं सहसा बरोबर असतं. सुरवंटाचे केस मानेवर पडले तरी गांधी उठतात. इथेही चिकटपट्टीच.

पावसाळ्यात दिव्याभोवती एक लांबट, काळा-नारिंगी किडा फिरतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला गेला तर त्याच्या रक्तातलं पेडेरिन कातडी भाजतं. त्याच वेळी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी चाबूक ओढल्यासारखा लाल पट्टा उठतो, त्यावर बारीक फोड येतात, आणि खाजेपेक्षा जळजळ जास्त असते. कोपरासारख्या घडीच्या जागी लागला असेल तर घडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच डाग उमटतो. हाच पट्टा पाहून लोक "नागीण" म्हणून घाबरतात. नागीण सहसा शरीराच्या एकाच बाजूला येते आणि पुरळ यायच्या आधी दोन-तीन दिवस तिथे दुखत असतं. किडा अंगावर बसला तर मारू नका, फुंकर मारून उडवा, जागा धुवा.

आणि पित्त? यासाठी बॉलपेनची चाचणी आहे. गांध उठली की तिच्या कडेने पेनाने गोल करा. २४ तासांच्या आत ती गांध मावळून दुसरीकडे नवी उठली, तर ते पित्त. तिथेच ठाण मांडून बसली, तर चावा. आमसुलाच्या पाण्याने गार वाटतं, लावायला हरकत नाही.

आता करायचं काय

खाज शमवायला फार काही लागत नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, कॅलामाइन लोशन, आणि झोप उडत असेल तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून रात्री सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी. तिने गुंगी येते, त्यामुळे ती घेऊन दुचाकी चालवू नका. नखं कापा. मुलांची तर आधी कापा, कारण मुलांमध्ये हे चावे जास्त सुजतात आणि खाजवून खाजवून पिकतात.

मेडिकलच्या काउंटरवर "खाजेची ट्यूब द्या" म्हणून मागू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. अशी मागितली की पुष्कळदा जे हातात पडतं त्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांचं मिश्रण असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस ती महिनाभर चोळत राहतो. तो नायटा असेल तर स्टेरॉइडखाली दडून मांडीभर पसरतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. जांघेतली नाजूक कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे वळ उमटतात. त्वचारोगाचे डॉक्टर अशा ट्यूबांनी बिघडवलेली कातडी दुरुस्त करण्यात महिने घालवतात. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस चालतं, तेही विचारून.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास अडकला, चक्कर आली तर थांबू नका, १०८ ला फोन करा. चाव्याभोवतीची लाली रोज वाढत असेल, जागा गरम लागत असेल, पू येत असेल तर डॉक्टरांकडे जा. फिरून आल्यापासून तीन आठवडे तापाकडे लक्ष ठेवा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ट्रेकचा दिवस नोंदलेला असेल तर आजारपणात आठवत बसावं लागत नाही.

पुढच्या वेळी जाताना फुल पँट मोज्यांत खोचा, बूट आणि मोज्यांवर डीट (DEET) हे द्रव्य असलेलं कीटकरोधक लावा, शक्यतो मळलेल्या वाटेने चाला, आणि डबा उघडायला गवतापेक्षा कातळ निवडा. घरी आल्यावर अंगावरचे कपडे लगेच गरम पाण्यात टाका. तेच कपडे खुर्चीवर लटकवून दुसऱ्या दिवशी घातले, तर उरलेसुरले चिगर पुन्हा चावायला मोकळे.

एवढं करूनही तीन-चार आठवड्यांनंतर खाज वाढतच असेल, रात्री अंथरुणात जास्त होत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ असेल, आणि घरात आणखी कुणी खाजवताना दिसत असेल, तर जंगलाचा विचार सोडा. ती खरूज असू शकते. तिचं औषध एकट्याने लावून भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे एकाच दिवशी लावावं लागतं, आणि चादरी-कपडे त्याच दिवशी धुवावे लागतात.